चितारओळीतला वरचा मजला

नागपूर स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला मी "चितारओळ" म्हटलं, तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मूर्ती घ्याची हाय का मॅडम? आता तर गणपतीचा सीझन नाही."

"राहायला चाललेय."

"तिथं?" एवढंच म्हणून त्याने ऑटो सुरू केला. सीताबर्डीच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मी त्या एका "तिथं"चे अर्थ लावत बसले.

सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एकट्या बाईने हिवाळ्यातला एक महिना नागपुरात भाड्याच्या घरात काढावा, ही कल्पना माझ्या बहिणीला मुळीच पटली नव्हती. चित्रं काढायची तर चार दिवस हॉटेलात राहून काढ, असं तिचं म्हणणं. शिवाय भाडं फारच कमी होतं. "यात कुठेतरी पाणी मुरतंय," हे ती मिरज स्टेशनपर्यंत सांगत आली. तिथे मी तिची चेष्टा केली, आणि गाडी सुटल्यावर तेच वाक्य स्वतःशी म्हणू लागले.

महाल हा नागपूरचा जुना भाग, भोसल्यांच्या काळापासून नांदता. त्यातली चितारओळ ही मूर्तिकारांची गल्ली. मी पोहोचले तेव्हा सकाळचं ऊन होतं आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना देवींच्या मूर्तींचे तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) सांगाडे उभे होते. काहींना मातीचे हात फुटले होते, काहींना डोकी आली होती, पण डोळे कुणालाच नव्हते. ओल्या मातीचा आणि खळीचा वास येत होता. कुठल्याशा माडीवर कुणी तबल्याचा एकच बोल पुन्हा पुन्हा घोटत होतं. एका दारात रंगाने माखलेला तरुण चहा पीत भिंतीवरच्या स्वतःच्या चित्राकडे रागाने बघत होता. मला ही गल्ली बघताक्षणी आवडली, आणि इतकी आवडती जागा इतक्या स्वस्तात मिळते म्हणून जास्तच काळजी वाटली.

घरमालक विलासभाऊ दारातच उभे होते. साठीचे, काटक, डोक्याला मफलर. दुमजली घर, खाली एक नाटकवाली मंडळी तालमी करत, वर मी राहायचं. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली.

खोली मोठी होती. लाकडी तक्तपोशी (फळ्यांची जमीन), रस्त्यावर उघडणारी गॅलरी, आणि एका भिंतीवर छतापासून खालपर्यंत नाटकाचा जुना रंगवलेला पडदा: राजवाड्याची बाग, कारंजं, दोन मोर. मोरांची मापं चुकली होती, पण रंग अजून ताजे होते.

"हा कसा काय इथे?"

"शोभा येते जी," विलासभाऊ म्हणाले. "तो काढू नका फक्त. फाटून जाईन. अन् ताई, एक सांगू? गॅलरीत बसत जा. ऊन चांगलं येते. कपडेही तिथंच वाळवा, मागं नका वाळवू."

मी पडद्याचे खिळे पाहिले. पडदा जुना होता, खिळे नवे कोरे.

पुढचे काही दिवस मी गॅलरीत बसून मूर्तिकारांची रेखाटनं केली. पण मी खाली बघत होते त्याहून जास्त लोक वर बघत होते. पानठेल्यावरची माणसं माझ्याकडे मान करून काही बोलत आणि मी बघितलं की गप्प होत. विलासभाऊ दिवेलागणीला हाक मारत, "ताई, लाइट लावला का? समोरचा लावा!" एकदा मी साडी वाळत घालत होते, तर ते समोरच्या ओट्यावरून मोबाइल धरून उभे दिसले. फोटो काढत होते. माझे की साडीचे, कळेना. मी विचारलं, तर म्हणाले, "घराचा जी, घराचा. सहजच."

त्या रात्री मी दाराला कडी घालून आतून खुर्ची लावली.

खालच्या नाटक मंडळीतली छाया ही एकटीच मनमोकळी वाटे. पस्तिशीची, खणखणीत आवाजाची. हिवाळ्यात ती झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या धानाच्या गावांत) नाटकं करायला जाई आणि मधल्या दिवसांत इथे तालीम. तिने मला एका सकाळी तर्री-पोहे खायला नेलं. पोह्यांवर चण्यांचा तिखटजाळ लाल रस्सा ओततात. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि छाया दिलखुलास हसली.

"सांगलीकडं का गोडच खातेत का वं बाप्पा?"

तिथून आम्ही शुक्रवारी तलावाच्या काठाने चालत आलो. पाण्यावर धुकं होतं, संत्र्यांच्या गाड्या लागत होत्या. मी संधी साधून विचारलं, "छाया, या घराचं काय आहे? सगळे माझ्याकडे असे का बघतात?"

ती एकदम संत्री निवडण्यात रमली. "काही नाही जी. वर कोणी राहत नव्हतं ना बरेच दिवस. म्हणून पाहतेत."

"का राहत नव्हतं?"

"मले काय माहीत? विलासभाऊले विचारा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पूर्ण महिना राहान ना पण?"

तिच्या आवाजात विनवणी होती. मला त्याचीच भीती वाटली.

उत्तर दुसऱ्याच आठवड्यात जिना चढून आलं. दुपारी दारावर टकटक झाली. विलासभाऊंसारखाच चेहरा, पण गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. "मी दिलीप. विलासचा लहान भाऊ. मनीषनगरला राहतो. तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचं होतं."

मी दार उघडंच ठेवलं. खोलीत आल्यावर त्यांनी माझी परवानगी न घेता पडद्याची एक कड धरली आणि खिळ्यासकट ओढली.

राजवाड्याची बाग कोसळली. मागे भिंतीत छतापासून जमिनीपर्यंत भेग होती. मध्ये तर माझी बोटं आत गेली असती. कधीतरी सिमेंट भरलं होतं आणि त्या सिमेंटलाही पुन्हा चीर गेली होती.

"हे घर दोघांच्या नावावर आहे," दिलीपभाऊ म्हणाले. "मी म्हणतो, पडायच्या आत विकू. तो म्हणतो, काही झालं नाही, लोक राहतात. तुमचे फोटो पाठवतो सगळ्या नातेवाइकांना, घर घ्यायला येणाऱ्यांना. वाळत घातलेली साडी, रात्रीचा दिवा. तुम्ही म्हणजे पुरावा आहात त्याचा."

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "आता तुम्हीच सांगा ना यात, या भिंतीजवळ उभ्या राहून. मला इथे भीती वाटते, फसवून ठेवलं, असं. रडायलाच पाहिजे असं नाही, पण जरा..."

एका भावाने मला दिव्यासारखं खिडकीत ठेवलं होतं, दुसऱ्याला मी त्याच खिडकीत घाबरलेली हवी होते. "तो मोबाइल खिशात घाला आणि खाली जा," मी म्हणाले. माझा वर्गातला आवाज बऱ्याच वर्षांनी बाहेर आला. ते गेले.

विलासभाऊ संध्याकाळी आले, तेव्हा पडदा जमिनीवर तसाच पडला होता. ते दारातच थांबले आणि मफलर सोडून हातात घेतला.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तर राहिल्या असत्या का?"

"नसते राहिले. तेच तर."

ते भिंतीकडे बघत होते. "रिकामं घर मेलेलं दिसते ताई. दिलीपनं घेणारी माणसं आणली होती घर मोजायले. मी म्हटलं, कोणी राहत असन तर पाडा म्हणायची हिंमत नाही होणार कोणाची. ही नाटकवाली पोरं कुठं जातीन? त्यायले कोण जागा देते? मी देतो. माझ्या बापानं दिली होती, मी देतो."

"आणि ती खाली असताना हे पडलं तर?"

"एवढी वर्षं नाही पडलं."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा खरंच त्या घरावर विश्वास होता. मला त्या विश्वासाचीच जास्त धास्ती वाटली. त्यांना ओलांडून मी जिना उतरले.

खाली तालीम रंगात होती. मी सांगितलं, की सगळ्यांनी आत्ता वर येऊन एक गोष्ट बघा, पण एकदम नको, दोघं-दोघं. छाया पहिली आली. भेगेसमोर उभी राहिली, मग माझ्यावरच उखडली.

"काहून दाखवलं तुम्ही? आमाले का माहीत नव्हतं का? एवढी मोठी हाय हे नव्हतं माहीत, पण हाय हे माहीत होतं. तुम्ही तर गाडीत बसून निघून जान. आमी कुठं जाऊ?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण उद्या तू खाली उभी असताना मी वर चालू शकणार नाही."

ती पाय आपटत खाली गेली. थोड्या वेळाने पेट्या सरकवल्याचे आवाज आले. मी गॅलरीतून वाकून पाहिलं, तर ती मंडळी पेटी, तबला, तलवारी, मुकुट बाहेर काढून गल्लीत मांडत होती. बिनडोळ्यांच्या देवींच्या रांगेत पत्र्याचे मुकुट चमकत होते. विलासभाऊ ओट्यावर बसून ते बघत होते. कुणाला अडवलं नाही, आणि हातही लावला नाही.

मी त्याच संध्याकाळी रामदासपेठेतल्या एका लॉजवर गेले. उरलेले दिवस तिथून रोज महालात येऊन रेखाटनं करत राहिले. विलासभाऊ दिसले की मान फिरवत.

निघायच्या सकाळी छाया लॉजवर आली. हातात गरम सांबारवडीचा (कोथिंबिरीच्या वड्यांचा, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पुडा. तोंड अजून फुगलेलंच.

"राग गेला नाही माहा," तिने आधीच सांगून टाकलं. "एका मूर्तिकारानं शेड दिली हाय सध्या. तिथं तालीम करून राहिलो. पण समोर एवढ्या देव्या उभ्या. नाटकातल्या शिव्या द्याले लाज वाटते." आणि मग तिला हसू आलं, मलाही.

सांगलीला आल्यावर बहिणीला सगळं सांगितलं. ती विजयी मुद्रेने "बघ" म्हणाली आणि मी ते ऐकून घेतलं. उन्हाळा लागता लागता एका दुपारी फोन वाजला. विलासभाऊ होते.

"ताई, वरचा मजला उतरवून टाकला. खालचा ठेवून राहिलो. दिलीपही तयार झाला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगाचं होतं. भिंत मजबूत निघाली. पाडता पाडता मजुरायचा घाम निघाला. पण तक्तपोशी उचलली, तर तुमच्या खाटेखालची तुळई... हात लावला अन् भुगा झाली. उधईनं (वाळवीनं) पोकळ केली होती आतून. हातानंच काढली जी. कुदळ नाही लागली."

मी फोन ठेवला आणि उगाचच पायाखालच्या शहाबादी फरशीकडे पाहिलं.

त्या दिवसांत मी ऑटोवाल्यावर संशय घेतला, पानठेल्यावर घेतला, छायावर, दोन्ही भावांवर, पडद्यावर आणि त्याच्या खिळ्यांवर घेतला. रोज सकाळी डोळे उघडल्यावर ज्या फळीवर मी पहिलं पाऊल टाकत होते, तिच्याबद्दल मात्र माझ्या मनात कधी काही आलं नाही.