तिसगावच्या गच्चीवरची रुखसाना

रुखसाना शेखला आनंद झाला की ती समोर दिसेल त्याला मिठी मारायची. प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या सकाळी एक अनोळखी बाई धावत आली, मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "हवा काढायचा पंप सुरू झाला." मग जरा मागं सरकून विचारलं, "तुमी कोन?" मी कर्जतची म्हटल्यावर दुसरी मिठी. ती तिसगावची. आपल्या जिल्ह्याचं माणूस तिथं तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

आमचं काम असं: धातूच्या अतिपातळ पत्र्यावर लेसरचा झोत मारायचा. पत्रा क्षणात इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते शेजारच्या प्लाझ्मात, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या पदार्थात सोडायचे. तिथून विखुरलेल्या किरणांवरून आतलं तापमान कळतं. पण आमचे किरण इतके मंद की विखुरलेलं काही दिसेचना. वर्षभर आलेख सपाट. मी रडकुंडीला येई. रुखसाना म्हणे, "किरनं निघत्यात ना? मग कमी हायेत, एवढंच."

शेवटी तिनं सुचवलं, मुख्य झोताआधी एक हलका झोत मारून पत्र्याचा पृष्ठभाग जरा फुलू द्यावा, म्हणजे मुख्य झोत जास्त शोषला जाऊन किरण वाढतील. लेसर आमच्याकडे असण्याचा तो शेवटचा आठवडा होता, मग दुसऱ्या गटाकडे जाणार. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न. झोत मारायचं काम सहकाऱ्यांवर सोपवून आम्ही दोघी तिसगावला गेलो.

घरात रेंज फक्त गच्चीवर. वरात निघायच्या बेतात असताना रुखसाना भरजरी शरारा सावरत वर धावली, मागून मी. मोबाईलवर आलेख आला होता. सपाट रेषेवर आता एक उंच टोक, आणि त्याशेजारी तापमान सांगणारा एक छोटासा उंचवटा. तिनं लगेच प्रयोगशाळेत फोन लावला.

"परत मारा. तोवर मी खाली जानार न्हाई."

खालून अब्बांच्या हाका सुरू झाल्या. फुफी, म्हणजे तिची आत्या, धापा टाकत जिना चढून आली. "काय झालं गं पोरी?"

"फुफी, आमचा प्लाझ्मा बोलायला लागला."

"मग त्यालाबी जेवायला बोलीव. पन आधी खाली चल."

तेवढ्यात दुसरा आलेख आला. उंचवटा त्याच जागी. रुखसानानं फुफीला मिठी मारली, मला मारली, मग पाण्याच्या टाकीलाही मारली. वरातीत ती इतकी नाचली की नवरदेव माझ्या कानाशी म्हणाला, "लोकांना वाटतंय लगीन हिचंच हाय."

त्या कामामुळं तिला परदेशातल्या मोठ्या लेसरवर जागा मिळाली. निघताना म्हणाली, "आता तू मार. मी तिकडून बघते."

गेल्या हिवाळ्यात लेसर पुन्हा आमच्याकडे आला, तेव्हा नव्या पत्र्यावर पहिला झोत मी तिच्याविना मारला. आलेख साफ सपाट. तरी तिला पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं: "लई भारी. म्हंजी अजून मज्जा शिल्लक हाय."

वाचून मी एकटीच हसत सुटले, आणि पुढचा पत्रा बसवायला उठले.