टेबलाखालचे डबे

जो ग्रहगोलांना आपापल्या वाटेने फिरवितो आणि एकालाही दुसऱ्याची वाट अडवू देत नाही, जो मुंगीच्या मुखी कण आणि बाळाच्या मुखी दूध वेळेवर पोचवितो, त्या विश्वचालकाला आधी वंदन करू. आणि सज्जनहो, त्याला वंदन केल्यावर त्याच्याच चाकरीत रमलेल्या एका लेकीचे गुण गाऊ.

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. वयाने वडील असलेलेही ताईच म्हणत. कारखाना चाकांच्या खुर्च्यांचा, आजारी आणि अधू माणसांसाठीच्या. एका दाराने पोलादी नळ्या आत येत, दुसऱ्या दाराने खुर्च्या बाहेर पडत. आणि या दोन दारांमधला सारा संसार, माल मागविण्यापासून गाडी भरण्यापर्यंत, ताईंच्या शिरावर. त्यांना काचेची खोली दिलेली होती, पण तिथले आसन धूळ खात पडलेले. ताई बसत त्या तयार मालात. रोज सकाळी बाहेरच्या दाराशी उभी असलेली एक खुर्ची निवडायची, तीत बसायचे, आणि आपल्या हातांनी चाके फिरवीत उलटे निघायचे: बांधणीकडून तपासणीकडे, तपासणीकडून जुळणीकडे, जुळणीकडून रंगाकडे, शेवटी वेल्डिंगच्या ठिणग्यांपाशी. म्हणत, "मला जी वळवता येत नाही, ती कुणाच्या आजीला काय वळणार?" चाक कुरकुरले की तिथेच उतरत, बाह्या सारीत आणि पाना हाती घेत. हीच त्यांची प्रदक्षिणा, आणि हीच पूजा.

अशा भक्ताचीही परीक्षा होते. रुग्णालयात नवा वॉर्ड उघडायचा होता. अपघातातून जीव वाचला, पण पायांनी साथ सोडली, अशी माणसे तिथे यायची होती. शनिवारी सगळ्या खुर्च्या दाराशी उभ्या करते, असा शब्द ताईंनी तिथल्या मुख्य परिचारिकेला दिला होता. आणि डोंगरात दरड कोसळली, रस्ता बुजला, बेअरिंगची गाडी पलीकडे अडकली. बेअरिंग म्हणजे चाकाच्या पोटातले पोलादी कडे. ते नसेल तर चाक फिरत नाही. आणि चाकच फिरले नाही, तर माणूस खाटेवरून उठून जाणार तरी कुठे?

ताई स्टोअर सांभाळणाऱ्या काकांकडे गेल्या. "काका, कोपऱ्यात कुठे थोडी पडली असतील बघा ना."

"ताई, सगळे कोपरे झाडून झाले. आता फक्त मला झाडायचं राहिलंय."

ताई हसल्या, पण त्या दिवशी घरी गेल्या त्या तीच काळजी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चहापूड संपलेली. सासूबाई उठल्या आणि कपाटातल्या चादरींच्या घडीमागून एक पुडा घेऊन आल्या.

"आई, कालच तर संपली म्हणालात."

"डब्यातली संपली म्हटलं. माझ्याकडची कुठे संपली?"

"मग लपवून कशाला ठेवायची?"

"तू आणायला विसरतेस म्हणून. विश्वास आहे गं तुझ्यावर. पण चहा मला वेळेवर लागतो."

ताईंचे यजमान पेपराआडून म्हणाले, "आईला कारखान्यात घेऊन जा. माल कधी संपायचा नाही."

ताईंच्या हातातला कप हातातच राहिला. देव कुणाच्या तोंडून बोलेल, सांगता येत नाही.

त्या दिवशी खुर्चीतून फेरी निघाली, तेव्हा ताईंची नजर चाकांवर नव्हती. बसल्या उंचीवरून टेबलांच्या पोटाखालचे सारे दिसते. आजवर त्यांनी तिकडे पाहिले नव्हते, इतकेच. तिथे डबे होते. तारेने बांधलेले, फळीवर सारलेले, फडक्यात गुंडाळलेले. फार पूर्वी मालाअभावी काम थांबले होते आणि राबत्या हातांची माणसे दिवसभर रिकामी बसली होती. ती लाज कुणी विसरले नव्हते. तेव्हापासून जो तो मूठभर माल आपल्यापाशी दडवून ठेवी. सुटा माल स्टोअरबाहेर ठेवायचा नाही, हा नियम खुद्द ताईंचा. म्हणून तर सारे टेबलाखाली.

ताई काचेच्या खोलीत गेल्या, कपाट उघडले आणि एक डबा घेऊन जुळणीच्या मोठ्या टेबलापाशी आल्या. सगळ्यांना बोलावले. रिकाम्या ट्रेमध्ये त्यांनी तो डबा उपडा केला. खळखळ बेअरिंग पडली.

"नियम माझा आणि चोरीही माझी," त्या म्हणाल्या. "मलाही भीती वाटत होती."

वेल्डिंगचे दाजी पुढे वाकले. "ताई, तुमचा डबा आमच्यापेक्षा मोठा आहे."

"पदही मोठं आहे, दाजी. आणा तुमचा."

मग एकेक डबा बाहेर येऊ लागला. रंगवाल्या मावशींनी जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा उघडला.

"मावशी, भाजीखाली?"

"माझी भाजी कोण उघडून बघतंय? चव ठाऊक आहे सगळ्यांना."

शेवटी काका उठले, स्टूलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळामागून एक पुडके काढले.

"काका, तुम्हीसुद्धा? कोपरे झाडले म्हणालात."

"घड्याळ कोपऱ्यात नाही, ताई."

एकेक बेअरिंग पुसले, बोटावर फिरवून पाहिले, खरखरले ते बाजूला काढले. ताई स्वतः जुळणीला उभ्या राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोजक्या काही सोडल्या, तर साऱ्या खुर्च्या आपल्या चाकांवर उभ्या होत्या. त्या मोजक्यांचे ओझे मात्र ताईंच्या छातीवर होते. त्यांनी रुग्णालयात फोन लावला.

"सिस्टर, शब्द पुरा होत नाहीये. थोड्या खुर्च्या कमी येतील. रस्ता उघडला की उरलेल्या मी स्वतः घेऊन येते."

पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "रागावू नका, ताई. वॉर्ड उघडतोय बुधवारी."

"मग शनिवार कशाला म्हणालात?"

"कारखानेवाले उशीर करतातच. म्हणून मी सगळ्यांना अलीकडचाच वार सांगते."

ताईंना हसू आवरेना. "म्हणजे टेबलाखाली तुमचाही डबा आहे तर."

"कसला डबा?"

"येते तेव्हा सांगते."

सज्जनहो, भीतीने मिटलेली मूठ स्वतःलाही उपयोगी पडत नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. तीच उघडली की भांडार होते. रस्ता खुला झाला, उरलेल्या खुर्च्या मंगळवारीच पोचल्या. बुधवारी वॉर्डात एका माणसाने आपल्या हातांनी चाक वळविले, तो खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिला. ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने चाकाकडे पाहिले. कुरकुरत नव्हते.

आता तो ट्रे कारखान्याच्या मधोमध उघडा असतो. साऱ्यांचा मिळून एक. सिस्टरही आता खरा वार सांगतात. टेबलाखाली फक्त पाय असतात. घड्याळामागचे मात्र कुणी तपासलेले नाही.

हे विश्वचालका, या लेकीच्या हातांतले बळ राख. तिने वळविलेले प्रत्येक चाक कुणाला तरी उजेडाकडे नेवो. तिच्या यजमानांचे हसू आणि कामावरच्या साऱ्यांच्या घरची चूल अखंड राहो. आणि तिच्या घरच्या चादरींच्या घडीमागे चहापुडीचा एक पुडा सदैव असू दे. सासूबाईंना तेवढे माफ कर.