मांडवात कोंडलेला गारवा

पडदा वर जातो तेव्हा समोर माणसांनी भरलेला मांडव आहे. रामनवमीची सकाळ, अकराचा सुमार. नेवाशाच्या अलीकडचं, प्रवरेकाठचं गाव. बाहेर ऊन असं की अनवाणी पाय ठरू नये. आत मात्र चक्क गारवा. टाळकऱ्यांच्या मागे, परातीएवढ्या पंख्याचं, चाकांवरचं नवंकोरं धूड घुरघुरतंय. तो कूलर. आणि कडेच्या खांबाला टेकून, गळ्यात टॉवेल टाकून उभा आहे तो रंगनाथ मांडववाला.

तीस वर्षं रंगनाथनं गावाच्या प्रत्येक कार्याला सावली दिली. खांब रोवायचे, छत ताणायचं, माईक जोडायचा आणि बाजूला व्हायचं. माईकवर तो बोलला असेल ते एवढंच : "हॅलो, माईक चेक." पुढचं बोलायला दुसरी माणसं असत.

मागच्या वर्षी याच कीर्तनात दोन म्हाताऱ्या चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून त्याच्या मनात कूलर होता. बायकोला, लंकाबाईला, घेऊन तो श्रीरामपूरला गेला. दुकानदार भला माणूस. मांडव किती लांब, किती रुंद, पाणी कुठून भरणार, सगळं विचारून त्यानं हा मोठ्या टाकीचा निवडून दिला आणि बजावलं, "याची पाठ बाहेरच्या हवेकडं ठेवा. समोरची बाजू उघडी पाहिजे. वारं आत यायला आणि बाहेर जायला वाट लागते याला."

रंगनाथनं मान हलवली. पण गेल्याच महिन्यात त्यानं नगरला एसीचं मंगल कार्यालय पाहिलं होतं. तिथं दार जरा उघडं राहिलं की माणूस धावत येऊन लावायचा. तेच त्याच्या डोक्यात बसलं. पहाटे उठून त्यानं चारी बाजूंच्या कनाती खालपर्यंत बांधल्या. कूलर आत घेतला आणि मानाची जागा म्हणून त्याचं तोंड केलं थेट रामहरी आबांच्या जागेकडे.

रामहरी आबा म्हणजे पंचक्रोशीचा पखवाज. सत्तरी ओलांडली, तरी बोट पडलं की मागच्या रांगेतली पेंगणारी माणसं ताठ बसत.

पहिला तासभर बायका रंगनाथला दुवा देत होत्या. मग हवा जड झाली. सदरे पाठीला चिकटले. आणि पखवाज उतरू लागला. आबांनी हातोडीनं ठोकून सूर चढवला, तो पुन्हा उतरला. पुन्हा ठोकला. पेटी एकीकडे, पखवाज दुसरीकडे. बारा वाजत आले, पाळण्याची दोरी हातात घेतलेली, आणि नेमका तेव्हाच पखवाज घोगरा झाला.

कीर्तनकार तरुण, हजरजबाबी. माईकवरच म्हणाले, "आबा, पखवाजाला सर्दी झाली का? का हातच दमला आता?"

मांडव खदखदून हसला. आबाही हसले, आणि त्यांनी पखवाज बाजूला सरकवला.

रंगनाथ हसला नाही. कूलरसमोरच्या खांबाला त्यानं हात लावला तर खांब ओलसर होता. तेव्हाच त्याला सगळं कळलं. चार पावलांवर माईक होता. तो जागचा हलला नाही.

घरी लंकाबाईनं ताट पुढं ठेवलं. "कनाती कशाला लावल्या वो?"

"गारवा जाऊ नये म्हनून."

"दुकानदार काय म्हनला हुता? मी हुते ना तिथं." तिनं भाकरी वाढली. "त्या म्हाताऱ्याला हसली लोकं. आन् तुमी खांब धरून उभं."

हातातला घास त्यानं ताटात ठेवला. तो तसाच उठून आबांच्या घरी गेला.

आबा ओसरीवर पखवाजाला गवसणी घालत होते. रंगनाथनं खाली मान घालून सगळं सांगितलं. आबांनी नाडी बांधली.

"मला दुसऱ्याच अभंगाला कळलं हुतं. कातडं वलं झालं की बोटाला कळतंय."

"मग बोलला का न्हाई आबा?"

"तुझं यंत्र पहिल्यांदा मांडवात आलं. बाया दुवा देत्यात, आन् मी मधीच रडगानं लावू व्हय?" त्यांनी पखवाज भिंतीकडे सरकवला. "पन उद्याच्या काल्याला मी न्हाई बसत. लोकांनी आज हात बघितलाय. उद्याबी हातच बघत्याल."

आबांनी शिवी दिली असती तर रंगनाथला ती सोसली असती. या बोलण्यानं मात्र त्याला वर बघवेना. पाया पडून तो निघाला, आणि आबांनी काहीच मागितलं नाही हे त्याला वाटभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. मांडवाच्या कनाती गुंडाळून वर बांधलेल्या. कूलर कडेला, पाठ उघड्या रानाकडे, तोंड श्रोत्यांकडे. पखवाजाच्या वाटेत त्याचं वारं नाही. आरपार झुळूक वाहतेय. आबा आले होते, पण मागं, श्रोत्यांत बसले होते. पखवाजापुढची जागा मोकळी.

महाराज उभे राहायच्या आधी रंगनाथ माईकपाशी गेला. रोजचंच, म्हणून कुणी बोलणं थांबवलं नाही. त्यानं माईक धरला. टॉवेलानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. लंकाबाई बायकांतून एकटक बघत होती.

"हॅलो," तो म्हणाला. "माईक चेक न्हाई. मी रंगनाथ बोलतोय. काल आबांचा हात दमला नव्हता. कनाती मी बांधल्या हुत्या, वारं मी कोंडलं, पखवाज माझ्यामुळं भिजला. तुमी हसला तवा मी हितंच हुतो, आन् गप बसलो. आबा, म्होरं या."