कापसाच्या गाड्यांची रांग

पंपावर नातू पेट्रोल भरून घेत होता. त्या वासानं मला दादाची जुनी मोटार आठवली. इंग्रजांच्या काळात तो अन् त्याचा वकील मित्र अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत मोटारींची शर्यत लावत. एकदा मीही सोबत होते. वाटेत सरकी काढायला जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. गाडीवान कापसावर गाढ झोपलेले. बैल बुजू नयेत म्हणून दादानं मोटार कडेला घेऊन बंद केली. मित्र केव्हाच पुढं गेला होता.

"दादा, काऊन थांबला? हरलो ना आपण!" मी चिडले.

दादा हसला. उडालेले कापसाचे पुंजके त्याच्या केसांवर बसले होते. "हरू दे वं. पोचलो का गंमत सरलीच."

त्यानंतर आलेल्या उन्हाळ्यात दादा तापानं गेला.

तेव्हा ती रांग सरता सरेना म्हणून मी रडकुंडीला आले होते. आज वाटतं, ती सरायलाच नको होती.