बोटाला लागणारं गाव

दुबईत ऊद मेथा भागात लेकीकडे राहायला गेले होते, त्याला आता पंचवीसएक वर्षं झाली असतील. बिल्डिंगखालच्या बाकावर एक इंग्रज म्हातारी रोज सकाळी भरतकाम करत बसायची. नाव मी कधी विचारलंच नाही. तिची नजर अधू होत चाललेली, म्हणून सुया मी ओवून द्यायची. जरा उशीर झाला की तिथल्या अरबीत घाई करत म्हणायची, "यल्ला, डियर, यल्ला!"

उशीच्या अभ्र्यावर ती इंग्लंडातलं आपलं खेडं भरत होती. वीस-पंचवीस घरं, एक चर्च, ओढ्यावरचा दगडी पूल, कुरणात मेंढ्या.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मेंढ्या फार जाड झाल्यात हो!"

"मग? बोटाला लागायला नकोत?" ती हसत म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, वर्षभरात दिसायचं बंद होईल. त्याआधी हे पुरं करायचंय."

तेव्हा कुठे कळलं, टाके ती मुद्दाम उंच घेत होती.

अभ्रा पुरा झाला त्या सकाळी तिनं डोळे घट्ट मिटले. तिचं बोट पुलावरून निघालं, चर्चला वळसा घालून एका दाराशी थांबलं.

"आले बाई घरी."

मग माझं बोट धरून तिनं त्याच दारात ठेवलं. "आत ये ना. चहा टाकते."