खोत्लावर नेलेलं मत

आमचा सेकोमाने मतदारसंघ म्हणजे अर्धी वाळू आणि अर्धी गुरं. त्याच्या हद्दी कितीदा तरी बदलल्या. खासदार जीपमधून आले आणि धूळ उडवून गेले. पण त्याचा इतिहास कुठून सुरू होतो असं आमच्या गावात विचारा, पहिल्या खासदाराचं नाव कुणी घेणार नाही. घेतील ते सेगामेत्सीचं. ती माझी थोरली जाऊ, म्हणून मी जरा जास्तच मिरवते.

पहिल्या निवडणुकीत लिहिता-वाचता येणारे थोडेच, म्हणून प्रत्येक उमेदवाराला एक रंग होता. पडद्याआड जायचं, हव्या त्या रंगाची चकती पाकिटात घालायची आणि पाकीट पेटीत टाकायचं. थोरले दीर मोगोमोत्सी गावभर सांगत सुटले होते, "आमचं घर पिवळं!" जाऊबाई बाहेर आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "टाकलीस ना पिवळी?"

"टाकली एक."

"एक म्हणजे कुठली?"

"आत मी एकटीच होते. आता बाहेर कशाला गर्दी करताय?"

दिरांचं डोकं फिरलं. आमच्याकडे गाय हरवो की लग्न मोडो, निवाडा व्हायचा खोत्लावर, म्हणजे गावच्या चावडीवर, गावप्रमुखांसमोर, चारचौघांत. दिरांनी मतसुद्धा तिथेच नेलं!

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जमलं. बाईमाणसानं तिथे तोंड उघडायचं नाही, तिच्या वतीनं मामा बोलायचा. जाऊबाईंचा मामा कधीच वारला होता.

"खोसी, बायको माझ्यापासून लपवते," दीर प्रमुखांना म्हणाले. "आज चकती लपवली, उद्या बैल लपवेल!"

लोक हसले. प्रमुख हसले नाहीत. मामा नाही म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, रंग कोणता?"

प्रमुखांना नाही म्हणून गावात राहायचं कसं? आणि तिनं सांगितलं, तर पुढे आम्हा सगळ्या बायकांना घरोघरी सांगावं लागणार होतं.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "खोसी, तुम्हीही आत गेला होतात. तुम्ही कोणती टाकलीत?"

त्या जागी प्रमुखाला उलट प्रश्न करणारं माणूस आम्ही पाहिलं नव्हतं. प्रमुखांनी चकती टाकणाऱ्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"मी नाही सांगणार," ते हळू आवाजात म्हणाले. "मग मला हिलाही विचारता येणार नाही. आणि मोगोमोत्सी, तुलाही."

माझ्या अंगावर काटा आला, सांगताना आजही येतो. आमच्या प्रमुखांना थांबवणारं काही या जगात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. होता तो एक साधा पडदा.

"म्हणजे मला कधीच कळणार नाही?" दीर रडवेले होऊन म्हणाले.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पण अहो, तुम्ही कोणती टाकलीत, हे मी तरी कुठे विचारलं?"

गावभर पिवळी-पिवळी करणाऱ्या दिरांनी तोंड उघडलं, माना वळवून बघणाऱ्या गावाकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.