आमसुलाने घासलेली काडतुसं

एकोणिसाव्या वर्षी माझी अशी पक्की समजूत होती की बंदुकीतलं मला सगळं कळतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात बाबांची ठासणीची बंदूक होती, भाताची नासाडी करणारं 'ते जनावर' मारायला. डुक्कर हा शब्द बाबा तोंडातून काढत नसत. ते नुसतं मारून यायचे, खालच्या वाडीतली माणसं खुशीत उचलून न्यायची. मी स्वतः दोनदा बार काढला होता. एकदा फणस पडला, एकदा मी. एवढ्या भांडवलावर शिकाऱ्याची लेक म्हणून मिरवत मी कुवैतला उतरले.

नवरा तिथे एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. मालकाला सगळे अर्बाब म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. पन्नासची सालं सरत आली होती. हवल्लीत अर्बाबच्या गोदामामागची एक खोली आम्हाला मिळाली होती. त्याच्याकडे एक रायफल होती, मायदेशी परतणाऱ्या इंग्रज साहेबाकडून घेतलेली. तिकडच्या शिकाऱ्यांकडे बहुतेक थ्री-नॉट-थ्री असायची, तिच्या गोळ्या हव्या तेवढ्या मिळत. ही टू-एटी होती. हिचं काडतूस लांब, निमुळत्या मानेचं, आणि अख्ख्या कुवैतमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही. साहेबाने सोडलेल्या डब्यात अकरा उरली होती. विलायतेला पत्रं गेली होती, उत्तर येत नव्हतं.

अर्बाबचं घर समुद्राला लागून, भिंतींना ओल. म्हणून डबा आमच्या खोलीत आला. देताना त्याने नवऱ्याला बजावलं, "यातलं एक जरी बिघडलं, तरी पुढच्या बोटीने तू मुंबईला." इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्याच हातात होता. गावी माझी सासू आणि दोन नणंदा याच नोकरीवर जेवत होत्या. थोडक्यात, पाच माणसांचं पोट त्या अकरा काडतुसांवर टांगलेलं होतं.

एके दिवशी मी डबा उघडला. पितळेवर हिरवट डाग चढलेले. आता कोकणातल्या बाईला काळवंडलेलं पितळ दिसलं की हात शिवशिवतात. गावाहून आणलेली आमसुलं होतीच. रात्रभर त्या पाण्यात काडतुसं भिजत घातली, सकाळी मीठ लावून खसाखसा घासली, गच्चीत वाळवली. वर प्रत्येकाला खोबरेल चोळलं, कारण बाबा बंदुकीच्या नळीला खोबरेल लावत. नळीला लावतात ते काडतुसालाही चालत असणार, हा माझा शोध. दारू कोरडी ठेवायची, हे बाबांनी शंभरदा सांगितलेलं. ते मात्र नेमकं आठवलं नाही.

नवरा आला, बघून खूश. "काय गो, नवरीचे डागिने वाटतायत," म्हणाला. अर्बाबही खूश झाला. मी आठवडाभर मान वर करून चालत होते.

वसंतात पाऊस पडून वाळवंट जरा हिरवं झालं, की तिकडची घरं तंबू घेऊन बाहेर पडतात. अर्बाबने आम्हालाही नेलं. त्याची म्हातारी आई होती, सगळे तिला यम्मा म्हणत. तंबूत बसायला ती तयार होईना. "मी काय खजूर आहे वाळत पडायला?" म्हणाली आणि उघड्या ट्रकवर चढून बसली. सोबतीला मला ओढून घेतलं. नवरा गाडी चालवत होता, अर्बाब त्याच्या शेजारी दार उघडं टाकून रायफल घेऊन.

चार हरणं दिसली. नवऱ्याने गाडी अशी त्यांच्यामागे घातली की आम्ही दोघी मागे पोत्यांसारख्या आपटत होतो. एक मादी मागे पडली, तोंडातून फेस, पाय फाकायला लागलेले. गाडी थांबली, अर्बाबने नेम धरला. कट्. नुसताच आवाज. त्याने लगेच बंदुकीचा मागचा दांडा ओढून काडतूस बाहेर काढलं, दुसरं घातलं. कट्.

मागून यम्मा ओरडली, "अरे, थांब जरा. कट् वाजलं की लगेच उघडू नये. तुझा बाप तीसपर्यंत मोजायचा."

"यम्मा, ही त्याच्या काळातली बंदूक नाही."

"माणूस तर त्याच्याच रक्ताचा आहेस ना?"

तिसरं उडालं. हरणाचा मागचा पाय मांडीपासून फुटला, हाड पांढरं बाहेर आलं. तरी ते उठलं, तीन पायांवर पळालं, पडलं, पुन्हा उठलं. आमच्यात गोळीने मेलेलं चालत नाही, जीव असेपर्यंत सुरी फिरली पाहिजे. नवरा सुरी घेऊन धावला. त्याने हरणाच्या मानेवर गुडघा ठेवला, अल्लाचं नाव घेतलं. हरणाने लाथ मारून त्याची पोटरी फाडली. गळ्यातून रक्ताची चिळकांडी त्याच्या छातीवर आली, डोळे उघडेच होते. मी काय करत होते? यम्माला हातवारे करून सांगत होते, "ते काडतूस मी घासलेलं." म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं.

पुढे एक नर दिसला, मोठ्या शिंगांचा. अर्बाब खाली उतरला. नेम. कट्. त्याने दांडा ओढला आणि अर्धा ओढतो तोच आतल्या काडतुसाचा बार झाला.

आधी मला वाटलं, हरणाला लागलं. हरीण केव्हाच पळालं होतं. अर्बाब वाळूत बसला होता. उजव्या हाताचा अंगठा कातडीवर लोंबत होता, गालात पितळेचा तुकडा घुसलेला, दाढीतून रक्त ठिबकत होतं. तो ओरडलाही नाही. हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याचा आहे. यम्माने डोक्यावरचा काळा कपडा ओढला आणि मनगटाशी असा आवळला की तेव्हा मात्र तो किंचाळला.

नवऱ्याने गाडी इस्पितळाकडे पिटाळली. वाटेत अर्बाबने दात खात विचारलं, "काडतुसांना कुणी हात लावला?"

"मी, अर्बाब," नवरा म्हणाला.

केबिनच्या मागची जाळी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. शिकाऱ्याची लेक गप्प बसली. नुसती गप्प नाही, घाबरून कलमा म्हणत होती, तोही चुकत होता.

अंगठा गेला. दोन दिवसांनी निरोप आला, बोटीचं तिकीट काढा. नवरा पेटी भरायला लागला. मला एका शब्दाने बोलला नाही. एकदाच म्हणाला, "तुझी आमसुलं घे, राहतील हितंच." एवढं बोलून शर्टाची घडी चार वेळा घातली.

त्याच सकाळी मी यम्माकडे गेले. ऐकलेलं बरंच कळायचं, पण बोलायचं माझं अरबी म्हणजे मीठ, पाणी, किती आणि नको. त्यात हातवारे मिसळून सांगितलं, भिजवलं मी, घासलं मी, तेल मी लावलं, नवरा खोटं बोलला. यम्माने शांतपणे ऐकलं, उठली आणि अशी थोबाडीत दिली की कानात शिट्टी वाजली. मग दुसऱ्या गालावर.

"पहिली हातासाठी," ती म्हणाली. "दुसरी, दोन दिवस उशिरा आलीस म्हणून."

मला धरून ती आत घेऊन गेली. अर्बाब पडून होता, हाताचं बोचकं उशीवर.

"हिने केलंय," यम्मा म्हणाली. "आणि तू केलंयस. ही मूर्ख आहे, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगितलं होतं. ड्रायव्हर कुठे जाणार नाही. ही रोज येऊन तुझा हात धुवेल."

त्याने मान भिंतीकडे वळवली. आईपुढे तोही चौदा वर्षांचा व्हायचा.

तर मी रोज जायचे. पट्टी सोडवायची, पू धुवायचा, टाके बघायचे. पहिल्या दिवशी ओकले, तिसऱ्या दिवशी यम्माने दिलेली खजूर एका हाताने खात दुसऱ्या हाताने पट्टी बांधली. असा आठवडा गेल्यावर अर्बाबने विचारलं, "सात उरली होती. कुठे आहेत?"

नवऱ्याने डबा जपून ठेवला होता, ते मला माहीत होतं. तोच डबा मी आदल्या दिवशी सलव्याच्या किनाऱ्यावर नेऊन, गुडघाभर पाण्यात शिरून, एकेक काडतूस जमेल तितकं लांब भिरकावलं होतं. तसं सांगितलं. समुद्राला अरबीत काय म्हणतात ते यायचं नाही, म्हणून हाताने लाटा करून दाखवल्या.

अर्बाब माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मी पट्टी उलटी बांधली. मग त्याने डावा हात दाराकडे केला.

"नवऱ्याला सांग, गाडी काढ. गोदामात जायचंय. आणि पट्टी सोड, पुन्हा बांध."